कलकत्त्याच्या गॅलरीतील मशाल

बंगालचे आपल्या समाजावर फार मोठे ऋण आहे. १९४६ साली संविधान सभेची निवडणूक झाली तेव्हा मुंबई प्रांतातून बाबासाहेबांच्या वाटा बंद झालेल्या होत्या. अशा वेळी बंगालच्या कायदेमंडळातून त्यांना निवडून दिले ते बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मंडल नमःशूद्र समाजाचे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बंगालमधील नेते. वर्षभरात फाळणी झाली, पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला, बाबासाहेबांची ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. ही हकीकत आपल्या वस्त्यांतून दर १४ एप्रिलला भाषणात सांगितली जाते. पण ज्या लोकांच्या बळावर बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले त्या लोकांचे पुढे काय झाले, याबद्दल भाषणात एक वाक्यही नसते. मला ते कळले एका फुटबॉलच्या सामन्यात.

वाचक म्हणतील, फुटबॉलचा आणि याचा संबंध काय? तोच सांगायचा आहे.

२०२५ साली १५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला होता. कार्यकर्त्यांच्या एका बैठकीचे निमंत्रण कलकत्त्याहून होते. गुरुवारी नागपूरहून गाडीत बसलो आणि शुक्रवारी हावड्याला उतरलो. (शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले, पण आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी कलकत्ताच आहे, म्हणून मीही तसेच लिहितो.) मुक्काम बहूबाजारातील बौद्ध धर्मांकुर सभेच्या विहारात. ही संस्था कृपाशरण महास्थविरांनी १८९२ साली स्थापन केली. म्हणजे आपल्या १९५६ च्या धम्मदीक्षेच्या चौसष्ट वर्षे आधी. इथले उपासक बहुतेक बरुआ आडनावाचे, मूळ चितगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे बौद्ध. सकाळी वंदनेला बसलो. त्रिसरण-पंचशील तेच, फक्त उच्चार बंगाली वळणाचे. परक्या गावी एवढा आधार पुरतो.

तिथेच साठीचे एक बरुआ उपासक भेटले. त्यांना सगळे दादा म्हणत, मीही दादा म्हणू लागलो. बैठकीची कागदपत्रे मी पिशवीत भरत होतो तेव्हा त्यांनी विचारले, "रविवारी संध्याकाळी काय करता?" म्हटले, काही नाही. "मग चला. मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल. कलकत्त्याला येऊन हा सामना न पाहता गेलात तर घरी काय सांगाल?"

आपल्याकडे हा खेळ जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर आणि नागपूरच्या झोपडपट्ट्यांत खेळला जातो. प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला आणि त्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ साली 'झुंड' काढला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. एक चेंडू आणि बावीस पोरे, एवढ्यावर हा खेळ चालतो. बॅट नको, पॅड नको. गरिबाला परवडणारा खेळ. पण फुटबॉलसाठी अख्खे शहर दोन फळ्यांत उभे राहते हे पाहायचे तर कलकत्त्यालाच जावे लागते.

मोहन बागान हा क्लब १८८९ सालचा. त्याचे रंग हिरवा आणि मरून. २९ जुलै १९११ रोजी या संघाने इंग्रजांच्या ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकले. अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले होते. गुलाम देशाच्या माणसाने गोऱ्या सोजिराला मैदानात हरवले, त्याचा केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करावी. त्यानंतर मोहमेडन स्पोर्टिंग या मुसलमान समाजाच्या क्लबाने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. आणि मधल्या काळात, १ ऑगस्ट १९२० रोजी, ईस्ट बेंगॉल क्लब जन्माला आला. पूर्व बंगालच्या एका खेळाडूला जोडाबागान क्लबाने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात बसवून ठेवले, त्या अपमानातून हा क्लब निघाला असे सांगतात. रंग लाल आणि सोनेरी, निशाणीवर पेटती मशाल.

पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशाला 'घोटी' म्हणतात आणि पूर्वेकडून आलेल्याला 'बांगाल'. बांगाल हा शब्द पूर्वी शिवीसारखा वापरला जाई. बोली वेगळी, स्वयंपाक वेगळा, म्हणून शहरी माणूस त्याला गावंढळ ठरवी. फाळणीनंतर लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. स्यालदाह स्टेशनच्या फलाटांवर त्यांनी संसार मांडले. घर गेले, जमीन गेली, राहिला फक्त एक क्लब, ज्याच्या नावात त्यांचा हरवलेला मुलूख होता. ईस्ट बेंगॉल जिंकला की फलाटावरचा माणूसही जिंके. १९४९ नंतरची काही वर्षे या संघाची पुढची फळी होती वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही जण दक्षिणेकडचे, एकही बंगाली नाही! लोकांनी त्यांना 'पंचपांडव' म्हटले. नाव पुराणातले आहे, मला ते रुचले नाही, पण ज्यांच्यात अहमद आणि सालेह आहेत असे पांडव पुराणात नव्हते एवढे खरे.

शनिवारी, म्हणजे १६ ऑगस्टला, मैदान परिसरात रक्तदान शिबिर होते. १९८० साली याच तारखेला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसे मेली. सामना पाहायला गेलेली पोरे घरी परत आली नाहीत. तेव्हापासून हा दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळतात आणि दोन्ही रंगांची माणसे रक्त देतात. ६ डिसेंबरला आपणही शिबिरे घेतो, त्यामुळे ती रांग पाहून मला परके वाटले नाही.

रविवारी दुपारी बहूबाजारातून पायी स्यालदाहला गेलो. ज्या स्टेशनवर एकेकाळी निर्वासितांची मुले भुकेने रडत होती, त्याच्याच पोटातून आता मेट्रो सुटते. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. निम्मे लाल-सोनेरी, निम्मे हिरवे-मरून. एकमेकांना चिडवणे चालू, गाणी चालू, पण एका म्हाताऱ्या बाईला बसायला जागा द्यायला दोन्ही रंगांचे तरुण उठले. सॉल्ट लेक स्टेडियम नावाचेच स्टेशन आहे. खाली आलो तर जत्रा! रस्त्याच्या कडेला सदरे, झेंडे, कपाळाला बांधायच्या पट्ट्या. घुगनी, मुरमुरे, अंड्याचे रोल. टेम्पोच्या टपावर बसून आलेली पोरे. बापाच्या खांद्यावर बसलेली चार-पाच वर्षांची मुलगी, गालावर मशाल रंगवलेली.

एका टपरीवर आम्ही मातीच्या भांड्यात चहा घेतला. चहा संपला की भांडे फोडून टाकायचे. माझ्या मनात आले ते पळवणकर बाळूंचे नाव. चर्मकार समाजात जन्मलेला तो थोर गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळे तेव्हा चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. त्याचे हात चेंडूला चालत, कपाला चालत नव्हते. इथे डॉक्टर असो की हमाल, सगळ्यांना तेच मातीचे भांडे. दादांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ हातातल्या भांड्याकडे पाहत राहिले.

प्रवेशद्वारे दोन्ही चाहत्यांसाठी वेगळी. पोलीस अंगझडती घेतात, पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत. हे मैदान १९८४ सालचे. पूर्वी इथे सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि १३ जुलै १९९७ रोजी याच दोन संघांचा फेडरेशन कपचा उपांत्य सामना पाहायला १,३१,७८१ माणसे बसली होती. भायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बेंगॉल ४-१ ने जिंकला. २०१७ च्या जागतिक कुमार स्पर्धेच्या वेळी खुर्च्या बसवल्या, जागा कमी झाल्या. दादा त्या १९९७ च्या गर्दीत होते. "खुर्ची नव्हती, पण बसायची गरज कुणाला होती?" असे ते म्हणाले.

गॅलरीत दादांचे एक मित्र आमची वाट पाहत होते. बनगावकडून लोकलने आलेले, ऑटो चालवणारे, नमःशूद्र समाजाचे. दादांनी ओळख करून दिली, "हे आंबेडकरांच्या महाराष्ट्रातले." त्या माणसाने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, "जोगेन मंडलच्या गावाशेजारचे आमचे गाव." मी काय बोलणार? फक्त जयभीम म्हटले. त्यानेही म्हटले.

सामना सुरू होण्याआधीची पाऊण तास ही खरी पाहण्याची गोष्ट. एका गॅलरीतून घोषणा उठते, "जॉय ईस्ट बेंगॉल!" समोरून उत्तर येते, "जॉय मोहन बागान!" ढोल, धूर, झेंड्यांच्या लाटा. चाहत्यांच्या मंडळांनी रात्ररात्र जागून रंगवलेले कापडी फलक हळूहळू उलगडत जातात. या फलकांवर फक्त खेळाडूंची चित्रे नसतात. जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यावरून देश पेटला होता तेव्हा ईस्ट बेंगॉलच्या गॅलरीने याच सामन्यात फलक धरला होता की ही माती आम्ही रक्त देऊन मिळवली आहे, कागद दाखवून नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्येही, मी जाण्याच्या थोडे दिवस आधी, मायबोली बोलतो म्हणून आम्ही परदेशी कसे, असा सवाल याच गॅलरीने विचारला होता. बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून पकडण्याचे प्रकार त्या वर्षी अनेक राज्यांत झाले, आपल्या महाराष्ट्रातही झाले.

आणि २०२४ चा ऑगस्ट. आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. १८ ऑगस्टचा हाच सामना बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून रद्द केला गेला. तर काय झाले? ईस्ट बेंगॉल, मोहन बागान आणि मोहमेडन, तिन्ही क्लबांचे चाहते आपापले झेंडे घेऊन मैदानाबाहेर एकत्र जमले आणि त्या मुलीसाठी न्याय मागू लागले. सामन्यासाठी नसलेले पोलीस मोर्चासाठी मात्र आले आणि लाठ्या चालल्या. शंभर वर्षांचे वैरी त्या दिवशी एकमेकांना खांद्यावर घेऊन उभे होते. माझ्या मते या मैदानाच्या इतिहासात १९११ च्या शील्डनंतर याच दिवसाला मान द्यायला हवा. माझ्या पुढच्याच रांगेत चार तरुणी बसल्या होत्या, गळ्यात लाल-सोनेरी पट्टे, आवाज पोरांपेक्षा मोठा. ईस्ट बेंगॉलच्या मुलींच्या संघाने २०२५ साली भारतीय महिला लीग जिंकली आहे. आपल्या वस्तीत मुलीने चेंडूला पाय लावला तर आई आधी घरात बोलावते, हे त्या वेळी आठवलेच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. आसपासचे लोक मला, नवख्याला, आपल्या क्लबाचा इतिहास ऐकवत होते. प्रत्येकाच्या तोंडी एक आकडा होता, ५-०. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानला पाच गोलांनी हरवले. त्या धक्क्याने मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. हा आकडा इथे लहान मुलालाही पाठ आहे. बनगावचे मित्र हे सगळे हसून ऐकत होते. मग मी त्यांना विचारले, तुमचे घरचे लोक फाळणीनंतर कुठे आले? कलकत्त्यातच का?

ते म्हणाले, "कलकत्त्यात वसाहती झाल्या त्या भद्रलोकांच्या. विजयगड, आझादगड. त्यांनी मोकळ्या जागा ताब्यात घेतल्या, त्यांच्यात वकील होते, मास्तर होते, त्या जागा पुढे त्यांच्या झाल्या. आम्ही शेतकरी, नावाडी. आम्ही छावणीत. माझ्या वडिलांना बनगावकडे नातेवाइकांनी ठेवून घेतले. मोठे काका छावणीत गेले, तिथून त्यांना दंडकारण्यात पाठवले."

दंडकारण्य योजना १९५८ ची. बंगालच्या नदीकाठच्या माणसांना रायपूरजवळच्या माना छावणीत, मलकानगिरीत, बस्तरच्या दगडाळ रानात नेऊन टाकले. त्यांत मोठा भरणा नमःशूद्रांचा होता. १९७८ साली त्यांतली हजारो कुटुंबे बंगालकडे परत निघाली आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर त्यांनी वस्ती केली. सरकारकडे पैसा मागितला नाही. स्वतःच्या हाताने शाळा उभारली, दवाखाना उभारला, मासेमारी सुरू केली. जानेवारी १९७९ मध्ये तेव्हाच्या डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात झोपड्या पेटवून सगळ्यांना हुसकावून लावले. किती माणसे मेली याचा आकडा आजही वादात आहे.

१९७५ चा पाच-शून्य सगळ्या गॅलरीला पाठ. त्यानंतर चारच वर्षांनी झालेली मरिचझापी मात्र त्या मित्राने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितली. गॅलरीत कोणी कोणाची जात विचारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. शेजारचा बॅनर्जी की मंडल, गोल झाला की मिठी सारखीच. क्लब सुरू केला तो संतोषच्या राजेसाहेबांसारख्या जमीनदारांनी आणि शिकलेल्या बाबूंनी, पण आवाज दिला तो ऑटोवाल्यांनी आणि मजुरांनी. हे सगळे खरे. पण निर्वासित म्हणून कोणाला शहरात जागा मिळाली आणि कोणाला रानात, हे ठरवताना जात विचारली गेली होती. आणि ज्याला रानात पाठवले त्याच्यापासून ही गॅलरीसुद्धा हजार किलोमीटर दूर गेली.

"काकांची मुले आता कुठे असतात?" मी विचारले.

"तुमच्याकडेच. मुलचेरा."

मी उडालोच. अहो, मुलचेरा म्हणजे आमचा गडचिरोली जिल्हा! चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत बंगाली वसाहती आहेत, तिथली पोरे मराठी शाळेत शिकतात, बाजारात अस्सल झाडी बोलतात, हे मी पाहिले आहे. पण ही माणसे म्हणजे बाबासाहेबांना मत देणाऱ्यांचा वंश, असा विचार करून मी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. मित्राने पुढे जे सांगितले ते मात्र कारकुनाच्या काळजाला लागणारे होते. त्यांच्या मुलाकडे पश्चिम बंगालचा अनुसूचित जातीचा दाखला आहे. चुलतभावाच्या मुलाला महाराष्ट्रात तो मिळत नाही, कारण आपल्या राज्याच्या यादीत नमःशूद्र ही जात नाही. आजोबा एक, जात एक, हाल एक. एकाला शिष्यवृत्ती, दुसऱ्याला नाही. पिढ्या उलटल्या, अर्ज-निवेदने झाली, मागणी जुनीच आहे. कागदावरून माणूस ठरत नाही असे गॅलरीत फलकावर लिहिता येते, पण कचेरीच्या खिडकीत कागदच लागतो.

एवढ्यात शिट्टी झाली आणि बोलणे थांबले. सामना ड्युरँड कपच्या उपांत्यपूर्व फेरीचा होता. ही स्पर्धा १८८८ सालची, लष्कराने चालवलेली, आशियातील सर्वांत जुनी. खेळाची बारीक समज मला नाही, पण पहिल्या अर्धात ईस्ट बेंगॉलला पेनल्टी मिळाली आणि दिमित्रिओस दियामांताकोस या ग्रीक खेळाडूने चेंडू जाळ्यात मारला तेव्हा मला कोणीतरी उचलले, एवढे आठवते. मध्यंतरानंतर त्यानेच दुसरा गोल केला. थोड्या वेळाने मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाने एक फेडला. मग शेवटची वीस मिनिटे! दादांचे ओठ हलत होते. मी हळूच विचारले तर म्हणाले, "परित्त म्हणतोय, गप्प राहा." तथागतांनी फुटबॉलसाठी परित्त सांगितले नाही हे त्यांनाही माहीत होते. सामना २-१ असा संपला आणि आमच्या बाजूला कागदाच्या मशाली पेटल्या.

या जल्लोषामागे पैशाचा खेळ आहे, तोही सांगायला हवा. क्लब आता भांडवलदारांच्या आधाराशिवाय चालत नाहीत. २०२० साली मोहन बागान ए. टी. के. या संघात मिसळला आणि त्या संघाचे नाव क्लबाच्या नावाआधी लागले. चाहत्यांनी तीन वर्षे फलक धरले, मोर्चे काढले, आणि २०२३ साली ते नाव काढायला लावले. संघटना म्हणजे काय हे त्यांच्याकडून शिकावे. पुढे त्याच वर्षी, डिसेंबर २०२५ मध्ये, याच मैदानात मेस्सी आला तेव्हा हजारो रुपयांचे तिकीट काढलेल्या लोकांना पुढाऱ्यांच्या आणि बड्या लोकांच्या गराड्यात तो दिसलाच नाही आणि चिडलेल्या गर्दीने खुर्च्या मोडल्या. मला ती बातमी वाचून नवल वाटले नाही. पाहुण्याला पाहायला आलेली गर्दी वेगळी आणि आपल्या माणसांना पाहायला आलेली वेगळी.

बाहेर पडलो तेव्हा लाल-सोनेरी पोरे रस्त्यावर नाचत होती आणि हिरवी-मरून पोरे मान खाली घालून बसथांब्याकडे चालली होती. इथली रीत अशी की ईस्ट बेंगॉल जिंकला तर घरी इलिश मासा आणायचा आणि मोहन बागान जिंकला तर मोठा झिंगा. सामन्याच्या रात्री निकालाप्रमाणे बाजारात भाव चढतो. दादांनी घासाघीस न करता इलिश घेतला. त्यांच्या घरी बौदींनी, म्हणजे वहिनींनी, मोहरीच्या वाटणात तो शिजवला. काटे फार, पण चव अशी की बोलणे सुचत नाही.

बनगावच्या मित्रांची शेवटची लोकल अजून दूर होती, म्हणून तेही जेवायला आले. जेवताना त्यांनी मुलचेऱ्याला फोन लावला. तिकडे सगळ्यांनी मोबाइलवर सामना पाहिलाच होता. चुलतभाऊ बंगालीत ओरडत होता. मित्रांनी फोन माझ्या हातात दिला. मी मराठीत म्हटले, "जयभीम दादा, मी नागपूरचा, आत्ता तुमच्या भावाच्या शेजारी इलिश खातोय."

तिकडून क्षणभर आवाज आला नाही. मग मराठीत उत्तर आले, "आमच्याकडं कुठं भेटते इलिश, साहेब! तलावातला रोहू आणला. पोरं म्हणतात, आज तोच इलिश."